सायकोपीजी ३ वर आल्यावर सहाव्या फेरीला तुटणारी क्वेरी

पायथनमधून पोस्टग्रेसशी बोलणारा कोड सायकोपीजी या ड्रायव्हरच्या आवृत्ती २ वरून ३ वर नेला की एक तक्रार हमखास येते. टेस्ट सगळ्या पास होतात, स्टेजिंगवर दोन दिवस काही होत नाही. प्रॉडक्शनवर चढवल्यावर मात्र काही मिनिटांतच लॉगमध्ये चुका दिसू लागतात. सर्व्हिस रीस्टार्ट केली की थांबतात आणि थोड्या वेळाने परत सुरू होतात. एकच क्वेरी, तीच मूल्यं, पण कधी चालते, कधी नाही. संदेश साधारण असे असतात:

प्रिपेअर्ड स्टेटमेंट "_पीजी३_०" डझ नॉट एक्झिस्ट
प्रिपेअर्ड स्टेटमेंट "_पीजी३_०" ऑलरेडी एक्झिस्ट्स
कॅश्ड प्लॅन मस्ट नॉट चेंज रिझल्ट टाइप
कुड नॉट डिटरमाइन डेटा टाइप ऑफ पॅरामीटर $१

चारही संदेश वेगवेगळे दिसत असले तरी मूळ एकच आहे. ते मूळ नीट समजलं नाही तर माणूस एकेका संदेशावर ठिगळं लावत बसतो आणि चूक दुसऱ्या दाराने परत येते. म्हणून आधी तेवढं पाहू.

काय बदललं

सायकोपीजी २ मध्ये %एस च्या जागी मूल्य बसवण्याचं काम ड्रायव्हर स्वतः करत असे. मूल्याला अवतरण चिन्हं लावून, ते क्वेरीच्या मजकुरात घालून, पूर्ण तयार झालेलं एकसंध वाक्य सर्व्हरला जायचं. %एस म्हणजे "इथे मजकूर चिकटव" एवढाच अर्थ. त्यामुळे तो वाक्यात जवळपास कुठेही चालायचा.

सायकोपीजी ३ मध्ये क्वेरी आणि मूल्यं वेगवेगळी जातात. %एस चं $१, $२ होतं, सर्व्हर क्वेरीचं व्याकरण आधी तपासतो, प्रत्येक जागेचा डेटा टाइप ठरवतो आणि मग मूल्य लावतो. याला सर्व्हर-साइड बाइंडिंग म्हणतात. यातून दोन परिणाम निघतात. जिथे पोस्टग्रेसच्या व्याकरणात मूल्य बसत नाही तिथे %एस आता चालत नाही; ही चूक दर वेळी येते, म्हणून लवकर सापडते. दुसरं म्हणजे, क्वेरी वेगळी जात असल्याने ड्रायव्हर ती सर्व्हरवर तयार करून ठेवू शकतो, आणि ठेवतोही. एकाच कनेक्शनवर तीच क्वेरी पाच वेळा चालली की सहाव्या वेळी तिचं प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे सर्व्हरवर नाव देऊन तयार ठेवलेली क्वेरी, बनतं. कधी कधी येणाऱ्या चुका या दुसऱ्या गोष्टीतून येतात.

आधी एवढं तपासा

अपग्रेड झालं असं वाटत असतं आणि खाली जुनाच ड्रायव्हर चालू असतो, किंवा याच्या उलट. दोन्ही पॅकेजं शेजारी शेजारी राहू शकतात, कारण नावं वेगळी आहेत: जुन्याचं नाव सायकोपीजी२, नव्याचं नुसतं सायकोपीजी, पुढे आकडा नाही. एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीच्या २.० मध्ये कनेक्शनचा पत्ता "पोस्टग्रेसक्यूएल://" ने सुरू होत असेल तर जुनाच ड्रायव्हर वापरला जातो. नव्यासाठी "पोस्टग्रेसक्यूएल+सायकोपीजी://" असं स्पष्ट लिहावं लागतं. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये ४.२ पासून दोन्ही चालतात. नवा बसवलेला असेल तर जँगो तोच उचलतो, पण त्याची आवृत्ती किमान ३.१.८ हवी.

चालू प्रोसेसमधून तीन गोष्टी छापून घ्या: सायकोपीजी.__व्हर्जन__, सायकोपीजी.पीक्यू.__इम्प्ल__ आणि सायकोपीजी.पीक्यू.व्हर्जन(). दुसऱ्याचं उत्तर पायथन, सी किंवा बायनरी यांपैकी एक येतं. तिसऱ्यातून लिबपीक्यूची, म्हणजे ड्रायव्हर पोस्टग्रेसशी बोलायला जी लायब्ररी वापरतो तिची, आवृत्ती कळते. १७०००० किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे पोस्टग्रेस १७ ची लिबपीक्यू. हा आकडा पुढे फार उपयोगी पडणार आहे, टिपून ठेवा. "नो पीक्यू रॅपर अव्हेलेबल" असं म्हणून इम्पोर्टच अडत असेल तर नुसतं पायथनचं पॅकेज बसलं आहे आणि मशीनवर लिबपीक्यू नाही. बायनरी पर्यायासकट पॅकेज बसवा किंवा सिस्टिमची लिबपीक्यू टाका.

मग पाहा की मध्ये पूलर, म्हणजे थोडी सर्व्हर-कनेक्शनं अनेक ग्राहकांत वाटून देणारा प्रोग्राम, आहे का. कनेक्शनचा पोर्ट ५४३२ ऐवजी ६४३२ असेल तर बहुधा पीजीबाउन्सर आहे. त्याच्या पीजीबाउन्सर नावाच्या ॲडमिन डेटाबेसला जोडून शो व्हर्जन आणि शो कॉन्फिग चालवा. पूल_मोड आणि मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स ही दोन मूल्यं लिहून घ्या. क्लाउडवरच्या व्यवस्थापित डेटाबेसमध्येही पुष्कळदा असाच एखादा पूलर पडद्यामागे असतो. पुरवठादाराच्या दस्तऐवजात "ट्रान्झॅक्शन मोड" हा शब्द शोधा.

सहाव्या फेरीची चूक

पूल_मोड "ट्रान्झॅक्शन" असेल तर ट्रान्झॅक्शन संपली की सर्व्हरचं कनेक्शन दुसऱ्या ग्राहकाला दिलं जातं. ॲप्लिकेशनला वाटतं आपलं एकच कनेक्शन आहे, पण मागे दर वेळी वेगळं सर्व्हर-कनेक्शन मिळू शकतं. प्रिपेअर्ड स्टेटमेंट मात्र सर्व्हरच्या त्या विशिष्ट सेशनमध्ये राहतं.

आता क्रम पाहा. पहिल्या प्रोसेसने सहाव्या वेळी क्वेरी चालवताना सर्व्हर-कनेक्शन एकवर _पीजी३_० नावाचं स्टेटमेंट बनवलं. पुढच्या ट्रान्झॅक्शनला तिला कनेक्शन दोन मिळालं. तिथे त्या नावाचं काही नाही, म्हणून "डझ नॉट एक्झिस्ट". तिकडे दुसऱ्या प्रोसेसची मोजणीही शून्यापासूनच सुरू होते, तीही _पीजी३_० हेच नाव घेते, आणि तिच्या वाट्याला कनेक्शन एक आलं की "ऑलरेडी एक्झिस्ट्स". एसक्यूएलस्टेट (पोस्टग्रेसचा चूक-कोड) पाहत असाल तर पहिल्याचा कोड २६००० आणि दुसऱ्याचा ४२पी०५.

तिसरी शक्यता सगळ्यांत वाईट. दुसऱ्या प्रोसेसच्या मते _पीजी३_० म्हणजे तिची स्वतःची क्वेरी, पण हाती आलेल्या कनेक्शनवर त्याच नावाने पहिल्या प्रोसेसची वेगळीच क्वेरी तयार आहे. पॅरामीटरांची संख्या जुळली नाही तर "बाइंड मेसेज सप्लाइज..." अशा चुकीवर निभावतं. संख्या आणि प्रकार दोन्ही जुळले तर चूक न येता भलतीच क्वेरी चालते. म्हणून ही तक्रार "कधीतरी येते, रीट्राय लावू" म्हणून सोडू नका. रीट्रायने संदेश लपेल, चुकीचा डेटा लपणार नाही.

टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण मोजणी प्रत्येक कनेक्शनची वेगळी असते. टेस्ट दर वेळी नवं कनेक्शन उघडते, तीच क्वेरी दोन-तीनदा चालवते आणि बंद करते. स्टेजिंगवर रहदारी कमी, त्यामुळे पूलर सहसा तेच सर्व्हर-कनेक्शन परत देतो. आणखी एक बारकावा: ड्रायव्हर क्वेरीचा मजकूर आणि मूल्यांचे प्रकार दोन्ही मिळून मोजतो. पायथनचा पूर्णांक आकाराप्रमाणे स्मॉलइंट, इंट, बिगइंट किंवा न्यूमेरिक म्हणून जातो. आयडी ३२७६७ पर्यंत असेल तर एक मोजणी, त्यापुढे दुसरी. त्यामुळे लॉगमध्ये चुकीच्या वेळा पाहून काही नियम काढायला गेलं तर हाती काही लागत नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे आपोआप तयार करणं बंद करणं. प्रिपेअर_थ्रेशोल्ड, म्हणजे किती फेऱ्यांनंतर तयार करायचं तो आकडा, त्याला नन (पायथनमधलं "मूल्य नाही") द्या. शून्य नव्हे; शून्याचा अर्थ बरोब्बर उलटा आहे, पहिल्याच फेरीला तयार करा असा. कुठे द्यायचं ते महत्त्वाचं:

थेट कनेक्शन असेल तर कनेक्ट() मध्ये प्रिपेअर_थ्रेशोल्ड=नन.
सायकोपीजी_पूल वापरत असाल तर कनेक्शनपूल ला केडब्ल्यूआर्ग्ज मध्ये.
एसक्यूएलअल्केमीत क्रिएट_इंजिन च्या कनेक्ट_आर्ग्ज मध्ये.

जँगोमध्ये काही करावं लागत नाही. पूलर तुटू नयेत म्हणून जँगो हे मुळातच बंद ठेवतो, आणि सर्व्हर-साइड बाइंडिंगही तुम्ही ऑप्शन्समध्ये चालू केल्याशिवाय वापरत नाही. जँगोच्या प्रकल्पात ही चूक दिसत असेल तर कुणीतरी जँगोला वळसा घालून सायकोपीजीचं थेट कनेक्शन उघडलं आहे. सेलरीची (पार्श्वभूमीत चालणारी) कामं आणि मॅनेजमेंट कमांड आधी तपासा.

कोड बदलल्यावर पीजीबाउन्सरची सर्व्हर-कनेक्शनंही नवी करा, ॲडमिन कन्सोलवरून रीकनेक्ट दिलं की पुरतं. हे राहून जातं. ज्या प्रोसेस अजून जुन्या कोडवर आहेत त्यांना आधीची पडून राहिलेली स्टेटमेंट पुढेही त्रास देतात, आणि मग "नन दिलं तरी चूक येतेच" असं वाटतं.

प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा फायदाही हवा आणि पूलरही हवा, असं असेल तर तीन अटी एकत्र पूर्ण व्हायला हव्यात: सायकोपीजी ३.२ किंवा नवी, पीजीबाउन्सर १.२२ किंवा नवा आणि त्यात मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स शून्यापेक्षा जास्त, आणि ग्राहकाच्या बाजूला पोस्टग्रेस १७ ची लिबपीक्यू. तिसरी अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ट्रान्झॅक्शन मोडमधला प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा आधार पीजीबाउन्सर १.२१ मध्ये आला, पण तो प्रोटोकॉलच्या पातळीवरचा आहे. पूलर सर्व्हरवर स्वतःची नावं वापरतो आणि ग्राहकाच्या नावाशी जुळणी ठेवतो. स्टेटमेंट मोडीत काढताना मात्र जुनी लिबपीक्यू प्रोटोकॉलचा क्लोज संदेश पाठवू शकत नाही, म्हणून ड्रायव्हर डीॲलोकेट हे साधं एसक्यूएल पाठवतो. ते जसंच्या तसं सर्व्हरपर्यंत जातं, तिथे त्या नावाचं काही नसतं आणि चूक येते.

आणि ती लगेच येत नाही. एका कनेक्शनवर तयार स्टेटमेंटांची मर्यादा, प्रिपेअर्ड_मॅक्स, १०० आहे. वेगवेगळ्या शंभर क्वेऱ्या तयार होईपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि पुढच्या क्वेरीला जुनी काढताना गाडी अडते. लिबपीक्यू जुनी असेल तर पूलरच्या सेटिंगशी खेळत बसू नका, नन द्या आणि पुढे चला. लिबपीक्यूला ही सोय आहे की नाही हे सायकोपीजी.कॅपॅबिलिटीज.हॅज_सेंड_क्लोज_प्रिपेअर्ड() विचारून कळतं. ॲप्लिकेशन सुरू होतानाच तपासून उत्तर लॉगमध्ये टाकणं चांगलं, कारण बेस इमेज बदलली की लिबपीक्यू कुणाच्या नकळत बदलते.

पूलर "सेशन" मोडमध्ये असेल तर हा प्रश्न येत नाही.

चुकत नाही, पण अचानक मंद होते

पूलर नाही, चूक नाही, पण एखादी क्वेरी सुरुवातीला काही मिलिसेकंदांत येते आणि थोड्या वेळाने सेकंद घेऊ लागते. कनेक्शन नवं केलं की परत वेगवान. इथे दोन मोजण्या एकावर एक आहेत. पहिल्या पाच फेऱ्या ड्रायव्हर क्वेरी तयार न करता चालवतो. सहाव्यापासून ती तयार असते, पण पोस्टग्रेस पुढच्या पाच फेऱ्या प्रत्येक मूल्यासाठी वेगळा प्लॅन काढतो. त्यानंतर तो सर्व मूल्यांना एकच सर्वसाधारण प्लॅन लावून पाहतो आणि अंदाजी खर्च आधीच्या सरासरीच्या तुलनेत बरा वाटला तर तोच धरून ठेवतो. म्हणजे अकराव्या फेरीपासून वागणं बदलू शकतं.

स्टेटस सारखा कॉलम, ज्यात बहुतांश ओळी "पूर्ण" आणि मोजक्याच "प्रलंबित", हे याचं नेहमीचं ठिकाण. प्रलंबित ओळींसाठी इंडेक्स हवा असतो, सर्वसाधारण प्लॅनला ते माहीत नसतं. खात्री करायची तर त्याच कनेक्शनवरून पीजी_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स हा व्ह्यू पाहा. पोस्टग्रेस १४ पासून त्यात जेनेरिक_प्लॅन्स आणि कस्टम_प्लॅन्स असे दोन कॉलम आहेत. दुसऱ्या सेशनमधून पाहिलं तर काही दिसणार नाही, तो व्ह्यू आपल्याच सेशनपुरता असतो.

एकच क्वेरी त्रास देत असेल तर तिच्या एक्झिक्यूट() मध्ये प्रिपेअर=फॉल्स द्या. बऱ्याच असतील तर त्या डेटाबेस रोलवर प्लॅन_कॅश_मोड हे फोर्स_कस्टम_प्लॅन करा. हे सेटिंग पोस्टग्रेस १२ पासून आहे. सगळीकडे सरसकट प्रिपेअर बंद करणं इथे अति होईल. लहान, वारंवार चालणाऱ्या क्वेऱ्यांना त्याचा खरोखर फायदा होतो.

डिप्लॉयनंतर येणारी "कॅश्ड प्लॅन" ची चूक

मायग्रेशनने टेबलला कॉलम जोडला किंवा कॉलमचा प्रकार बदलला, आणि आधीपासून चालू असलेल्या कनेक्शनवर सिलेक्ट * ची तयार क्वेरी पडून आहे. निकालाचा आकार बदलला म्हणून सर्व्हर ती नाकारतो. मायग्रेशन दुसऱ्या कनेक्शनवर चालल्यामुळे या कनेक्शनला बदलाचा पत्ता नसतो. नवं कनेक्शन मिळेल तिथे चालतं, जुन्यावर तुटतं, म्हणून इथेही "कधी कधी" चा भास होतो. पूलमधल्या कनेक्शनचं आयुष्य, मॅक्स_लाइफटाइम, डिफॉल्टने ३६०० सेकंद असतं. तासाभरात चूक आपोआप विरते आणि कारण न कळता तिकीट बंद होतं.

खरा उपाय क्वेरीतले कॉलम नावाने लिहिणं. ते लगेच जमत नसेल तर मायग्रेशननंतर वर्कर एकेक करून रीस्टार्ट करा.

दर वेळी येणाऱ्या व्याकरणाच्या चुका

आता $१ जवळ सिंटॅक्स एरर दाखवणाऱ्या क्वेऱ्या. यांत सर्वांत जास्त सापडते ती इन:

व्हेअर आयडी इन %एस

जुन्या ड्रायव्हरमध्ये टपल दिला की कंसातली यादी बनायची. आता असं लिहा आणि टपलऐवजी लिस्ट द्या:

व्हेअर आयडी = एनी(%एस)

नॉट इन साठी <> ऑल(%एस). यात एक जुना त्रासही मिटतो: रिकामा टपल दिला की इन वर चूक यायची, रिकाम्या लिस्टवर एनी शून्य ओळी देतं. मात्र <> ऑल रिकाम्या लिस्टवर सगळ्या ओळी देतं. अर्थाने ते बरोबरच आहे, पण डिलीटमध्ये वापरत असाल तर लिस्ट रिकामी आहे का हे आधी पाहा. प्रकार जुळत नसल्याची तक्रार आली तर %एस::यूयूआयडी[] असा कास्ट जोडा.

इंटर्व्हल '%एस डेज' हे अवतरणातलं %एस आता मूल्य राहत नाही. मेक_इंटर्व्हल(डेज => %एस) वापरा. डेट %एस ऐवजी %एस::डेट. इज %एस मध्ये ट्रू, फॉल्स किंवा नन देत असाल तर इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम %एस.

सेट टाइमझोन टू %एस चालणार नाही. सिलेक्ट सेट_कॉन्फिग('टाइमझोन', %एस, फॉल्स) लिहा. ट्रान्झॅक्शन मोडच्या पूलरमागे असाल तर शेवटचा फॉल्स ट्रू करा, म्हणजे सेटिंग त्या ट्रान्झॅक्शनपुरतंच राहील आणि दुसऱ्याच्या गळ्यात पडणार नाही. नोटिफाय साठी पीजी_नोटिफाय(%एस, %एस).

क्रिएट टेबल मधला डिफॉल्ट %एस, क्रिएट युझर मधला पासवर्ड %एस, अशा सर्व डीडीएल (टेबल, युझर वगैरे बनवणाऱ्या) वाक्यांत मूल्य वेगळं पाठवता येत नाही. तिथे सायकोपीजी.एसक्यूएल मधलं लिटरल वापरून वाक्य जुळवा किंवा आवृत्ती ३.१ पासून असलेला क्लायंटकर्सर घ्या; तो जुन्या पद्धतीने मूल्यं ग्राहकाकडेच जोडतो. जुना कोड अफाट असेल तर सुरुवातीला सगळीकडे क्लायंटकर्सर लावून मग एकेक भाग मोकळा करणं हा चांगला मार्ग आहे. इन %एस मात्र तिथेही बदलावंच लागतं, कारण आवृत्ती ३ टपलला कंपोझिट मूल्य मानते.

"कुड नॉट डिटरमाइन डेटा टाइप" ही चूक व्याकरणाचीच, पण मूल्यानुसार येते-जाते, म्हणून फसवी. ऐच्छिक फिल्टरची ही नेहमीची लकब बघा:

व्हेअर (%एस इज नल ऑर शहर_आयडी = %एस)

पूर्णांक दिला की ड्रायव्हर त्याचा प्रकार सोबत पाठवतो आणि क्वेरी चालते. नन दिला की पहिल्या %एस चा प्रकार सर्व्हरला कुठूनच कळत नाही आणि ती तुटते. म्हणजे वापरकर्त्याने फिल्टर निवडला तर पान उघडतं, न निवडता उघडलं तर चूक. %एस::इंट इज नल असा कास्ट द्या. जेसन_बिल्ड_ऑब्जेक्ट, जेसन_बिल्ड_ॲरे, कॉनकॅट यांसारख्या कुठलाही प्रकार घेणाऱ्या फंक्शनांना मजकूर देतानाही हेच: %एस::टेक्स्ट.

अर्धविरामाने जोडलेल्या दोन क्वेऱ्या मूल्यांसकट एका एक्झिक्यूट() मध्ये देता येत नाहीत. मूल्यं नसतील तर चालतात, पण तिथेही वागणं बदललं आहे: पूर्वी कर्सर शेवटच्या क्वेरीचा निकाल द्यायचा, आता पहिलीचा देतो आणि पुढच्यासाठी नेक्स्टसेट() म्हणावं लागतं. यावर चूक येत नाही, निकाल मात्र चुकीचा मिळतो. असा कोड शोधून काढाच.

"द कनेक्शन इज क्लोज्ड" आणि न साठवलेल्या ओळी

सायकोपीजी २ मध्ये विथ कॉन: चा अर्थ "ट्रान्झॅक्शन संपव" एवढाच होता. ३ मध्ये ब्लॉक संपला की कनेक्शनही बंद होतं. एक कनेक्शन ग्लोबल ठेवून जागोजागी विथ लावणारा कोड पहिल्या विनंतीला चालतो आणि दुसरीला तुटतो. तिथे विथ कॉन.ट्रान्झॅक्शन(): लिहा.

पण एवढा बदल करून थांबू नका. ऑटोकमिट बंद असताना ब्लॉकच्या आधी एखादं साधं सिलेक्ट चाललं असेल, तर ट्रान्झॅक्शन तिथेच उघडलेली असते. मग कॉन.ट्रान्झॅक्शन() नवी ट्रान्झॅक्शन न उघडता आतला सेव्हपॉइंट बनवतं. ब्लॉक संपतो, चूक नाही, पण कमिट झालेलं नसतं. कनेक्शन बंद झालं की ओळी गेल्या. कनेक्शन ऑटोकमिट=ट्रू ने उघडायचं आणि लिहायचं असेल तिथे ट्रान्झॅक्शन() लावायचं, हीच पद्धत सुरक्षित आहे.

पूल संपल्याची तक्रार

पूल आता सायकोपीजी_पूल या वेगळ्या पॅकेजमध्ये आहे. त्याचा मिन_साइज ४ आहे, मॅक्स_साइज दिला नाही तर पूल चारच कनेक्शनांवर स्थिर राहतो, आणि ३० सेकंदांत कनेक्शन मिळालं नाही की पूलटाइमआउट येतो. गेट_स्टॅट्स() मधलं रिक्वेस्ट्स_वेटिंग वाढत असेल तर कुणीतरी कनेक्शन धरून बसलं आहे किंवा मॅक्स_साइज अपुरा आहे.

एका वर्करमध्ये प्रत्येक विनंतीला पूलटाइमआउट येत असेल आणि डेटाबेसवर काहीच ताण नसेल, तर पूल फोर्क होण्याआधी बनला आहे का ते पाहा. पूलची कामं पार्श्वभूमीतल्या थ्रेडमधून होतात आणि फोर्क झाल्यावर ते थ्रेड नव्या प्रोसेसमध्ये येत नाहीत. गनिकॉर्न या वेब सर्व्हरला प्रीलोड लावलं असेल तर पूल पोस्ट_फोर्क मध्ये उघडा. रात्री फायरवॉल निष्क्रिय कनेक्शनं तोडत असेल आणि सकाळची पहिली विनंती पडत असेल, तर पूल पॅकेजच्या ३.२ आवृत्तीपासून चेक=कनेक्शनपूल.चेक_कनेक्शन देता येतं. प्रत्येक वेळी एक फेरी जास्त होते, पण मेलेलं कनेक्शन हाती येत नाही.

बदल करतानाच घेण्यासारख्या सोयी

एक्झिक्यूट_व्हॅल्यूज आणि एक्झिक्यूट_बॅच आता नाहीत. त्यांच्या जागी साधं एक्झिक्यूटमेनी वापरा, ३.१ पासून ते पाइपलाइन मोडवर चालतं, म्हणजे प्रत्येक ओळीच्या उत्तराची वाट न पाहता पुढची पाठवतं. त्यासाठी ग्राहकाकडे लिबपीक्यू १४ किंवा नवी हवी. निकाल परत हवे असतील तर रिटर्निंग=ट्रू द्यायला विसरू नका. हजारो ओळी एकदम घालायच्या असतील तर मात्र कॉपीच: विथ कर.कॉपी("कॉपी टेबल फ्रॉम एसटीडीइन") ॲज सी: आणि आत सी.राइट_रो(...). जुन्या कॉपी_फ्रॉम सारखी फाइल बनवावी लागत नाही, मूल्यं ड्रायव्हरच रूपांतरित करतो.

रिअलडिक्टकर्सर च्या जागी रो_फॅक्टरी=डिक्ट_रो. यूयूआयडी साठी नोंदणी लागत नाही. बाइटिया आता मेमरीव्ह्यू ऐवजी सरळ बाइट्स म्हणून येतं. चुकीच्या ऑब्जेक्टवरचं पीजीकोड आता एसक्यूएलस्टेट झालं आहे, पीजीएरर गेलं आहे. एक्सेप्ट ब्लॉकमध्ये जुनं नाव राहिलं तर मूळ चूक झाकली जाऊन ॲट्रिब्यूटएरर दिसतो. मोग्रिफाय फक्त क्लायंटकर्सर वर आहे आणि कॉलप्रॉक नाही.

चढवण्याआधी सहावी फेरी मुद्दाम आणा

कोडमध्ये ही नावं शोधा: इन %एस, अवतरणातलं %एस, सेट आणि नोटिफाय ने सुरू होणाऱ्या क्वेऱ्या, विथ कॉन, एक्झिक्यूट_व्हॅल्यूज, कॉपी_फ्रॉम, कॉपी_एक्सपर्ट, मोग्रिफाय, कॉलप्रॉक, पीजीकोड, पीजीएरर. ती बदलून झाली की पूर्ण टेस्ट प्रिपेअर_थ्रेशोल्ड=० देऊन चालवा, म्हणजे सहाव्या फेरीला जे घडायचं ते पहिल्याच फेरीला घडतं. टेस्टमध्ये ऐच्छिक फिल्टरला नन देणारी केस नसेल तर ती आधी लिहा.

तुमचा मार्ग थ्रेशोल्ड नन ठेवण्याचा असेल, तरी स्टेजिंगवर हा शून्याचा प्रयोग पूलरमधूनच करून पाहा. प्रॉडक्शनवर असलेली पीजीबाउन्सरची तीच आवृत्ती आणि तोच पूल_मोड ठेवा, डिफॉल्ट_पूल_साइज २ वर आणा आणि ॲप्लिकेशनच्या निदान चार प्रोसेस एकाच वेळी चालवा. चार ग्राहकांना दोनच सर्व्हर-कनेक्शनं मिळाली की नावांची टक्कर काही सेकंदांत दिसते. तीच चाचणी मग नन देऊन परत करा. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये लॉग_स्टेटमेंट ऑल असताना ओळी "एक्झिक्यूट <अननेम्ड>" अशा आल्या तर सेटिंग सगळीकडे पोचलं आहे. "_पीजी३_" ने सुरू होणारं एक जरी नाव दिसलं तर कुठलं तरी कनेक्शन अजून वेगळ्या वाटेने उघडतं आहे. त्या ओळीतला प्रोसेस आयडी घेऊन पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी मध्ये ॲप्लिकेशन_नेम पाहा, आणि ते रिकामं येत असेल तर प्रत्येक सर्व्हिसच्या कनेक्शनच्या पत्त्यात आजच वेगळं ॲप्लिकेशन_नेम घाला.